पहिल्या महिन्याची उधारी : शिरोळ परिसरातील पदवीधर आणि महानगरातील निवासाचा प्रश्न

प्रस्तावना

पहिल्या नोकरीचा पगार हाती पडतो तो महिनाअखेरीस. राहण्यास जागा मात्र पहिल्याच रात्री लागते. या एका महिन्याच्या अंतरात नवख्या नोकरदाराने महानगरात कोठे राहावे, काय खावे आणि त्याचे पैसे तोपर्यंत कोणी सोसावेत, या प्रश्नाला महाराष्ट्रात निदान शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. गिरणी कामगारांच्या स्थलांतराचा अभ्यास विपुल झाला आहे. राजनारायण चंदावरकर यांचे मुंबईच्या कामगारवस्तीविषयीचे विवेचन (१९९४) आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी सिद्ध केलेला गिरणगावच्या मौखिक इतिहासाचा ग्रंथ (२००४) यांमुळे ते जग अभ्यासकांच्या चांगले परिचयाचे झाले. शिकून नोकरीस लागलेल्या, परंतु अद्याप बिऱ्हाड न थाटलेल्या तरुणाकडे मात्र इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले. तो विद्यार्थी राहिलेला नसतो, म्हणून वसतिगृहांच्या इतिहासात बसत नाही. कुटुंबप्रमुख झालेला नसतो, म्हणून गृहनिर्माणाच्या इतिहासातही सापडत नाही. प्रस्तुत निबंधात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका समोर ठेवून या मधल्या माणसाची सोय कसकशी होत गेली आणि ती कोणाच्या पदरमोडीने झाली, याचा मागोवा घेतला आहे.

पेटा, बोर्डिंग आणि डबा

कोल्हापूर संस्थानात शिरोळ हा एक पेटा होता. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्यांच्या काठची काळी कसदार जमीन, शेजारी कुरुंदवाडचे पटवर्धनी संस्थान, नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र आणि शाहू छत्रपतींनी आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसविलेली जयसिंगपूरची बाजारपेठ, असा हा मुलूख आहे. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला आणि शिरोळची माणसे मिरजमार्गे पुण्यामुंबईशी जोडली गेली. तथापि हा मार्ग मीटरगेजचा असल्याने पुण्यास गाडी बदलावी लागे. रुंदीकरण होऊन कोल्हापूरहून थेट मुंबईस जाणारी गाडी मिळावयास १९७१ साल उजाडले.

शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या गरीब मुलाची सोय एकोणिसाव्या शतकात वार लावून किंवा माधुकरी मागून होत असे. ही सोय जातीने बांधलेली होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या वा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलाला ती खुली नव्हती. शाहू महाराजांच्या वसतिगृहांचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल अशी ही मालिका वाढत गेली. शिरोळ परिसरात जैन, लिंगायत व मराठा शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने असल्यामुळे या चळवळीशी त्याचा संबंध निकटचा राहिला.

येथे एक गोष्ट सहसा नोंदवली जात नाही. बोर्डिंगची मुदत परीक्षेपाशी संपत असे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणासाठी, त्याच्या पहिल्या नोकरीच्या काळासाठी, कोणी बोर्डिंग बांधले नाही. शाहूकाळात ही उणीव फारशी जाणवली नसावी, कारण २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. ज्या दरबाराने शिकविले, त्याच दरबारात नोकरीची आशा होती आणि ती नोकरी गावापासून फार दूर नव्हती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कारकुनी नोकरीची राजधानी त्या दिवशी कोल्हापूरहून मुंबईस गेली, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहिली.

अंतराचा हा मुद्दा वरवर वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. राज्य परिवहनाच्या गाड्या सुरू झाल्यानंतर कोल्हापूरला शिकणाऱ्या वा नव्याने नोकरी धरलेल्या मुलाचा डबा गावाहून एस.टी.ने येऊ लागला. सकाळच्या गाडीत चालकाच्या मागे ठेवलेले, नाव लिहिलेले पितळी आणि पुढे स्टीलचे डबे हे पश्चिम महाराष्ट्रातील स्थानकांवरचे ओळखीचे दृश्य होते. शिरोळहून कोल्हापूरला डबा पोहोचतो. दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील पुण्यास तो पोहोचत नाही. ज्वारी, तांदूळ, दूध, आईचे श्रम हे सारे डब्याच्या हद्दीत बिनहिशेबी राहते. ती हद्द ओलांडली की प्रत्येक घासाला भाव येतो.

बैठकीची खोली

मुंबईस जाणाऱ्या कोल्हापूरकरांची वाट मुख्यतः आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडी अशा डोंगरी तालुक्यांतून निघाली. जमीन हलकी, पाऊस अतोनात आणि पीक अपुरे, यामुळे तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत गेले. त्यांच्या राहण्याची व्यवस्था लालबाग, परळ, वरळी, डिलाइल रोड येथील चाळींत ‘बैठकीच्या खोली’च्या रूपाने उभी राहिली. एका गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावयाची, भाडे वर्गणीतून भागवावयाचे, प्रत्येकाची ट्रंक माळ्यावर आणि वळकटी भिंतीशी. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे आणि एकाच पथारीची जागा दोघांस पुरे. गावाहून नवा मुलगा आला तर नोकरी लागेपर्यंत त्याची वर्गणी इतरांनी सोसावी, असा संकेत असे.

या खोल्यांचे वर्णन करताना भाबडेपणा टाळला पाहिजे. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने मुंबईतील सत्त्याण्णव टक्के कामगार एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचे नमूद केले होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. बैठकीची खोली गावाची असे, तशीच ती बहुधा जातीचीही असे. आणि तीत स्त्रीला जागा नव्हती. बायको गावी शेत सांभाळी. म्हणजे नागरी वेतन पुरे पडत होते, कारण त्या वेतनावर पूर्ण कुटुंब जगत नव्हते.

शिरोळच्या दृष्टीने यातून एक विसंगती हाती लागते. नदीकाठच्या या सुपीक तालुक्याला गिरणीची गरज त्या प्रमाणात भासली नाही. सिंचन वाढले, ऊस आला, शिरोळ येथे दत्त सहकारी साखर कारखाना उभा राहिला. डोंगरी तालुक्यांच्या दारिद्र्याने मुंबईत एक खोली निर्माण केली. शिरोळच्या सुबत्तेने तशी खोली निर्माण करण्याचे कारणच ठेवले नाही. पुढे अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, वाटण्यांनी शेताचे तुकडे पडले आणि शिकलेल्या मुलाने बाहेर पडावे असे घरातच बोलले जाऊ लागले. तेव्हा त्याच्यासाठी महानगरात कोणतीही बैठक अंथरलेली नव्हती. आजऱ्याच्या तरुणाला निदान लालबागचा एखादा पत्ता ठाऊक असे. शिरोळच्या पदवीधराजवळ गुणपत्रिका होती.

खानावळ आणि खाडा

पहिल्या महिन्याचे अंतर जिने भरून काढले, तिचे नाव इतिहासात फारसे येत नाही. गिरणगावात चाळीच्या खोलीत दहा-वीस पुरुषांचे जेवण रांधणाऱ्या स्त्रीला खानावळवाली म्हणत. पहाटे उठून चुलीपुढे बसावे, पाळीप्रमाणे डबे भरावेत, दुपारी धान्य निवडावे, पुन्हा रात्रीची पंगत. सभासदाने एखादे जेवण चुकविले तर त्याचा ‘खाडा’ धरला जाई आणि महिन्याच्या हिशेबातून ती रक्कम वजा होई. रांधून झालेल्या अन्नाचे काय, हा प्रश्न अर्थात तिचा.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. खानावळीचे पैसे पगार झाल्यावर मिळत. तोपर्यंतचा किराणा ती वाण्याकडून उधारीवर आणी. उधारी थकली की सावकाराकडून चढ्या व्याजाने रक्कम उचली. प्रसंगी अंगावरचा डाग गहाण पडे. म्हणजे नव्याने कामावर लागलेल्या पुरुषाला महिनाभराचे बिनव्याजी कर्ज ही स्त्री देत होती आणि त्याचे व्याज स्वतः फेडत होती. शहराने आपल्या सर्वात कमी वेतनाच्या मनुष्यबळाला जे पोसले, ते या उधारीवर पोसले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या जागी बँक आली, तेव्हा कोठे या श्रमांची ‘उद्योग’ म्हणून पहिल्यांदा नोंद झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगार थांबला आणि खानावळीची वसुलीही थांबली. संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातल्याच्या आठवणी गिरणगावच्या कथनांतून येतात. ती उधारी पुष्कळशी बुडाली. गिरण्या गेल्या, त्यांच्यामागोमाग खानावळीही उठल्या. पुण्यातील पेठांत विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या खानावळी व मेस टिकून राहिल्या आणि ‘खाडा’ हा शब्दही तेथे टिकला. व्यवहार मात्र उलटा झाला. आता महिन्याचे पैसे आगाऊ भरावे लागतात.

गोठविलेले भाडे

तिसरा आधार कायद्याचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दरनियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. खोलीच्या भाड्याबरोबर हॉटेल व लॉजच्या दरांचाही विचार करणारे हे शीर्षक वाचताना, बिऱ्हाड नसलेल्या माणसाची आठवण विधिमंडळाला निदान नावापुरती तरी होती, असे वाटते. ज्यांना जुन्या चाळीत खोली मिळाली होती, त्यांना त्या कायद्याने तारले. बैठकीची खोली वर्षानुवर्षे परवडली ती यामुळेच. ज्यांना ती मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी हाच कायदा बंद दार ठरला. भाडे वाढवता येत नाही आणि भाडेकरू निघत नाही म्हटल्यावर मालकांनी जागा भाड्याने देणेच थांबविले, अथवा पागडी मागितली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यामुळे मालकांचा धसका अधिकच वाढला आणि अकरा महिन्यांच्या कराराचे युग अवतरले.

१९८८ मध्ये प्रदर्शित झालेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट महाराष्ट्राने विनोद म्हणून डोक्यावर घेतला. पुण्यातील घरमालकीण केवळ विवाहित जोडप्यांना जागा देते, म्हणून चार तरुणांपैकी दोघांना स्त्रीवेष घ्यावा लागतो, हे त्याचे कथासूत्र. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्यास एकट्या तरुण नोकरदाराची नागरी अप्रतिष्ठा इतक्या नेमकेपणाने नोंदविणारा दुसरा दस्तऐवज सहजासहजी सापडणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठविलेल्या प्रमाण भाड्याची तरतूद अवाजवी ठरविली. त्यानंतर झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूस संरक्षण कायम राहिले. नव्याने येणाऱ्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग प्रशस्त झाला. घरे मिळू लागली, हा त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. किमतीचा प्रश्न बाजारावर सोपविला गेला.

पगार आणि अनामत

हे सर्व घडत असतानाच शिरोळ परिसरातून पदवीधरांचा ओघ वाढला. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्याने कला-वाणिज्य-विज्ञानाचे शिक्षण हाकेच्या अंतरावर आले. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढे जयसिंगपूर परिसरातही ती निघाली. पदवी जवळ आली, नोकरी लांब गेली. हिंजवडी, खराडी, ठाणे, नवी मुंबई ही नावे गावच्या पारावर परिचयाची झाली.

या नोकऱ्यांचे प्रारंभिक वेतन तपासले असता जे आढळते ते विचार करावयास लावणारे आहे. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे ३,०००, ४,००० व ५,००० रुपये मानधन ठरले. ते एकत्रित असल्याने त्यात घरभाडे भत्ता नव्हता. नेमणूक गावात झाली काय आणि ठाण्यात झाली काय, रक्कम तीच. २०२३ मध्ये हे मानधन १६,०००, १८,००० व २०,००० रुपये झाले. बड्या संगणक कंपन्यांत नवपदवीधर अभियंत्याचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ तीन ते साडेतीन लाख रुपयांच्या आसपास रेंगाळले, म्हणजे महिना २५ ते २९ हजार, तेही कपातीपूर्वी. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती या निबंधाच्या वाचकांस वेगळी सांगावयास नको.

शासन स्वतः निवाऱ्याची किंमत किती धरते, हे पाहणेही उद्बोधक आहे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कनिष्ठ लिपिकाचे प्रारंभिक मूळ वेतन १९,९०० रुपये. मोठ्या शहरांतील घरभाडे भत्ता आरंभी २४ टक्के आणि किमान ५,४०० रुपये होता. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोहोचल्यावर, २०२४ मध्ये, तो ३० टक्के म्हणजे ५,९७० रुपये झाला. याच शासनव्यवस्थेने विद्यार्थ्यांसाठीही आकडा ठरविलेला आहे. राज्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास वर्षाला ६०,००० रुपये मिळतात व त्यांतील २०,००० निवासासाठी असतात. योजना स्वागतार्हच आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या बोर्डिंगप्रमाणे तीही परीक्षेपाशी थांबते.

नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत विचार थोडा पुढे गेला होता, हे नमूद केले पाहिजे. १९७२-७३ मध्ये केंद्राने नोकरदार महिला वसतिगृह योजना सुरू केली. तिच्या नियमांनुसार शुल्क एकट्या खोलीसाठी एकूण वेतनाच्या १५ टक्के, दोघींच्या खोलीसाठी १० टक्के व सामाईक शयनगृहासाठी साडेसात टक्के, यांहून अधिक असता कामा नये. मुक्कामाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे तीन वर्षे. पगार २८,००० असेल तर एकट्या खोलीचे ४,२०० रुपये होतात. वेतनाच्या प्रमाणात निवाऱ्याचा दर बांधणारा इतका स्पष्ट नियम अन्यत्र दुर्मिळ आहे. दुर्दैव असे की अशी वसतिगृहे थोडी आणि उमेदवार फार. पुरुषांसह सर्वच शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची केंद्रीय योजना आली ती २०२० मध्ये, टाळेबंदीत माणसे पायी गावाकडे निघालेली देशाने पाहिल्यानंतर.

उरतो तो खासगी बाजार : पेइंग गेस्ट, ‘कॉट बेसिस’, तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. कॉट बेसिसमध्ये खोलीतील एका खाटेपुरते भाडे असते. दिसायला ही बैठकीच्या खोलीचीच नवी आवृत्ती आहे. तथापि शेजारच्या खाटेवरचा माणूस गावचा नसतो आणि एखाद्याची नोकरी गेली तर त्याचे भाडे इतरांनी सोसावे असा संकेतही नसतो. आडनाव आणि आहार यांची चौकशी मात्र जुन्या चाळीइतकीच होते.

सर्वात मोठा बदल पैशाच्या दिशेत झाला आहे. समजा, फ्लॅटचे भाडे दरमहा १५,००० रुपये आहे आणि मालकाने तीन महिन्यांची अनामत मागितली. अनामतीचे ४५,०००, पहिल्या महिन्याचे १५,००० आणि दलालाचे एका महिन्याचे १५,००० धरता किल्ली हाती येण्यापूर्वी ७५,००० रुपये द्यावे लागतात. तिघांत वाटणी केली तरी प्रत्येकी २५,००० होतात, म्हणजे अद्याप न मिळालेला जवळजवळ एक पगार. खानावळवालीने नवख्याला महिनाभराची उधारी दिली होती. आज नवखाच घरमालकाला बिनव्याजी रक्कम वापरावयास देतो. २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरू अधिनियमात निवासी अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविलेली आहे. परंतु भाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने ती आपोआप लागू होत नाही.

ही रक्कम येते कोठून, याचे उत्तर शिरोळपुरते तरी शेतात शोधावे लागते. गिरणगावच्या काळात मनिऑर्डर मुंबईहून आजऱ्यास जात असे. आता शिरोळहून पुण्यास पैसे जातात. पतसंस्थेतील सोनेतारण कर्ज, दुधाचे बिल, उसाचे बिल हे त्याचे मार्ग होत. त्यांतील मुख्य मार्ग उसाचा आणि त्याला स्वतःचे वेळापत्रक आहे. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चच्या सुमारास संपतो आणि बिले त्यामागोमाग येतात. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीवर एवढा खल का होतो, हे या अंगानेही समजून घेता येईल. पदवीचे निकाल व नेमणुकीची पत्रे मात्र जून-जुलैच्या सुमारास हाती पडतात. त्या दिवसांत हंगामाची रक्कम खतात, लागणीत, सोसायटीच्या भरण्यात गेलेली असते आणि पुढचे पीक नदीकाठी उभे असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी शिरोळ तालुका पाण्याखाली गेला तो जुलै-ऑगस्टमध्ये, नवी नोकरी धरण्याच्या आणि अनामत भरण्याच्या नेमक्या त्याच दिवसांत.